तीन नंबरची खोली गळते : माथेरानचं आजोळ आणि मे महिना

लालमाती | ३ मे, रात्री १०.५०

आजोळच्या सुट्टीबद्दल लोक लिहितात तेव्हा त्यात ओसरी असते, विहीर असते, आंब्याची अढी असते आणि पोरांच्या मागे लाडू घेऊन धावणारी आजी असते. माझं आजोळ माथेरानचं. हे सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "दर उन्हाळ्यात हिल स्टेशन! चैन होती की तुमची." नव्हती असं नाही. पण मे महिन्यात त्या घरात सगळ्यात अडगळ कशाची होत असेल तर आम्हा पोरांची. मे म्हणजे सीझन.

हा सीझन म्हणजे हवापाणी नव्हे. सुगी असते तसा तो. पंधरा एप्रिल ते मृगाचा पहिला पाऊस, मध्ये दिवाळीचे आठ दिवस आणि नाताळ, एवढ्यात वर्षाची मीठमिरची निघायला हवी. आजोबांचं घर जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं. पुढच्या अंगाला ओळीने चार खोल्या, त्यांच्या दारांवर ऑइलपेंटने १ ते ४ आकडे. सीझनला त्या चारही खोल्या पार्ट्यांना. पार्टी म्हणजे मुंबईहून आलेलं कुटुंब, हेही मला बरंच उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं पार्टी ही एखादी जात असावी. "तीन नंबरच्या पार्टीला भाकरी नको, चपाती दे."

आम्ही झोपायचो स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर. मी, धाकटी बहीण, मावशीची तिघं, मामाची दोन. खाली पहाटे साडेचारला चूल पेटली की धूर सरळ आमच्या नाकात. पाच वाजता बंब तापायचा आणि साडेपाचच्या आत सात पोरांच्या आंघोळी, कारण नंतरचं गरम पाणी पार्ट्यांचं. मी आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर त्या पाण्याच्या बादल्या खोल्यांच्या दाराशी नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मोठा मामेभाऊ गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन "रूम पाहिजे, रूम? घरगुती जेवण!" असं ओरडायचा. त्याला बक्षिशी मिळायची म्हणून माझा जळफळाट.

आम्ही डोंबिवलीहून यायचो. कर्जत लोकलने नेरळ, आणि तिथून ती इवलीशी गाडी. दोन तास लागायचे, कधी जास्तच. रूळ दोन फुटांचे, डब्यात माणसांचे गुडघे एकमेकांना टेकलेले. जुम्मापट्टीला ठाकर-कातकरी बायका पळसाच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन उभ्या. आणखी एक पांढरं, वाटाण्याएवढं फळ असायचं, पिठूळ गोड, आत मोठी बी. त्याचं नाव मला अजून सापडलेलं नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा. वॉटर पाइप स्टेशनच्या पुढे चढावर गाडी इतकी हळू व्हायची, की मोठी मुलं खाली उतरून बाजूने चालायची आणि पुन्हा चढायची. आईच्या लहानपणी कोळशाचं इंजिन होतं. माझ्या वाट्याला डिझेल आलं, त्याबद्दल ती अजूनही माझी कीव करते.

पॉइंट? एकही पाहिला नाही. खरंच सांगतो. पॅनोरमा पॉइंट मी पहिल्यांदा पाहिला चोविसाव्या वर्षी, बायकोबरोबर, बाजारात नकाशा विकत घेऊन. शार्लोट लेक माहीत, कारण त्याच्या काठाने पिसरनाथाला जायची वाट. आजी सोमवारी भल्या पहाटे उरकून यायची आणि एखाद्याला बरोबर न्यायची. बाकी आमचं माथेरान म्हणजे मागची आळी. दुपारी घोडे पाणी प्यायला आणायचे तो हौद, लिदीचा वास, छपरावरून धडधडत जाणारी माकडं, जांभळीवर शेपटी खाली सोडून बसलेलं शेकरू. आणि ती माती. लाल म्हणजे किती लाल? शाळा सुरू झाली तरी माझ्या बनियनची कड गुलाबीच असायची. बाई विचारायच्या, माथेरान का रे?

आजी आमच्याशी बोलायची ती फक्त हुकुमांत. पीठ मळ, तांब्या ने, हळू बोला, दोन नंबरचं बाळ झोपलंय. दुपारी दोन ते चार कुजबुज. एकदा आम्ही पत्ते खेळताना ओरडलो तर आजोबांनी पत्त्यांचा जोड उचलून सरळ बंबात घातला.

मग जून यायचा. पार्ट्या पातळ व्हायच्या. एक तारखेपासून तीन नंबरची खोली बंद. कुणी मागितली तर आजोबा सांगायचे, ती गळते. गिऱ्हाइकाला देता येत नाही म्हणून ती आमच्या वाट्याला. आई आणि मावशी पलंगावर, आम्ही खाली सतरंजीवर. मला त्याचा राग यायचा. चांगल्या तीन खोल्या परक्यांना आणि गळकी घरच्यांना! पण त्याच खोलीत आजी रात्री येऊन बसायची. पाय लांब करून, पदराने वारा घेत. झब्बू खेळायची आणि उघडउघड लबाडी करायची. पाच-सहा दिवस. मग पाऊस, गाडी बंद व्हायची वेळ, आमची शाळा.

मला विचाराल तर माझी उन्हाळ्याची सुट्टी तेवढीच. बाकीचा महिना मी नोकरी केली.

तुमच्यापैकी कुणाचं आजोळ असं पर्यटकांच्या गावी होतं का?

पसरणीघाट | ३ मे, रात्री ११.३०

हात मिळवा. माझं पाचगणीचं. आजोबा एका निवासी शाळेच्या भटारखान्यात होते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण आता त्याबद्दल वाईट बोलणार आहे. मेमध्ये पोरं घरी गेलेली, तरी आजोबांना सुट्टी नाही. भांडी कल्हईला काढा, कोठी धुवा, गहू निवडा. आणि पगार मात्र मे महिन्याचा निम्मा.

प्रवासाचं म्हणाल तर वाईपर्यंत मी माणूस असायचो. पसरणीचा घाट लागला की खिडकी, आईचा हात कपाळावर, तोंडात आल्याची वडी. एकही वर्ष कोरडं गेलं नाही. वरती सिल्व्हर ओकची झाडं दिसायला लागली की पोट आपोआप शांत. अजूनही ते झाड कुठे दिसलं की मला हायसं वाटतं, अगदी पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत दिसलं तरी.

टेबललँड मात्र आम्ही पाहिलं बरं का, रोज. तिथे क्रिकेट खेळायचो. पठार इतकं मोठं की चेंडू गेला तर सरळ दरीत. आमच्या गल्लीतला नियम असा, दरीत मारला तर बाद, आणि चेंडूचे पैसे त्याचेच.

गाविलगड | ४ मे, सकाळी ७.१५

माहं आजोळ चिखलदऱ्याचं. विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणून हेच एक, त्याच्यामुळे अख्खं वऱ्हाड मे महिन्यात तिकडं. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरात पाणी टाकता टाकता जीव जाये. परतवाड्याले एस्टी बदलली अन् घाट लागला की हवा बदले. रात्री चिखलदऱ्याले मे महिन्यात गोधडी लागे. अकोल्याच्या दोस्ताईले सांगितलं तर कोणी खरं नाही मानत होतं.

आजोबा जंगलखात्यात होते, लहानसं क्वार्टर. तिथं भाड्यानं द्यायले खोल्या नव्हत्या, पण ओळखीचे लोक लय. "साहेब, दोन दिवस पोरांना थंडाई दाखवतो" म्हणून कोणी न् कोणी येऊन राहे. आजी एकदा म्हणे, ह्या घराले दार काहाले बसवलं?

कॉफीची झाडं आहेत आमच्याइकडं, अख्ख्या महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथंच. पण घरी कॉफी कोणी पीत नव्हतं. चहा, तोही गुळाचा. कोरकू बाया चारोळी आणत, मोहाची फुलं आणत. मोहाच्या दिवसांत आजोबा अंधार पडल्यावर आम्हाले बाहेर नाही जाऊ देत होते, अस्वल येते म्हणून. मी समजलो होतो भीती दाखवते म्हातारा. एक दिवस सकाळी अंगणातल्या मातीत पाऊल पाहिलं. माणसाच्या पायासारखंच, फक्त नखं. त्या दिवसापासून सात वाजता घरात.

टपरीवाला | ४ मे, सकाळी ९.०२

आम्ही बीडचे. आमचं आजोळही बीडचंच, तीन गल्ल्या सोडून. तुम्ही चालू द्या.

तीन_दरवाजा | ४ मे, सकाळी १०.४०

पन्हाळा. आमचं आजोळ गडावर हाय म्हटलं की पोरं शाळेत गप्प बसायची. कोल्हापूरपासनं वीस किलोमीटर, पण रुबाब असा की जणू महाराजांनीच जागा दिलीय.

आज्जी तबक उद्यानाजवळ झुणका-भाकरी विकायची. लाल मातीवाल्या भावा, तुझं बादल्यांचं वाचलं आणि डोळ्यांपुढं आमच्या भाकरीच्या टोपल्या आल्या. माझं काम कांदा फोडायचं. बुक्कीनंच फोडायचा, सुरी लावली तर गिऱ्हाईक म्हणायचं, ही काय गावरान चव न्हवं. दिवसाला शंभर कांदे. हाताचा वास शाळा सुरू झाली तरी जायचा न्हाई.

गडाचं म्हणाल तर अंबरखान्यात वटवाघळं, अंधारबावीत लपाछपी (आईला कळलं असतं तर पाठीचं सालटं निघालं असतं), सज्जाकोठीच्या खिडकीत बसून पतंग. आणि दर उन्हाळ्यात एक तरी पर्यटक आज्जाला विचारणार, "बाजीप्रभू नेमके कुठं पडले?" आज्जा हातातली तंबाखू झाडून सांगायचा, "पुतळा हितं हाय, खिंड न्हाई. खिंड तिकडं विशाळगडाच्या वाटंला. १६६० साली भर पावसात रात्रभर धावत गेली ती माणसं. तुमी चारचाकीनं जावा."

आता २०२५ साली युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा हाय. अभिमान हायच. पण मामा परवा म्हणाला, घराचं एक कौल बदलायचं तर आता किती कागद लागतील कुणास ठाऊक. गडावर राहणाऱ्याला गड सांभाळायला लागतोय, लेका.

आंबोलीचो | ४ मे, दुपारी १.२०

पांढऱ्या फळाचा नाव तोरण. तुमच्याकडे तोरणा म्हणतत, आमच्याकडे चुरना. काटेरी वेल असता, करवंदाच्या जाळीसारखीच ओरबाडता. मे महिन्यात पिकता. शाळेत असताना खिसो भरून खाव आणि बियो बाकाखाली.

लालमाती | ४ मे, दुपारी १.४५

तोरणं! अगदी बरोबर. बायका "तोरनं घ्या तोरनं" ओरडायच्या आणि मी समजायचो दाराला बांधायचं तोरण विकतायत. चाळीस वर्षांचा गुंता सुटला. धन्यवाद.

नेरळ_लोकल | ४ मे, संध्याकाळी ६.१०

गाडीचा विषय निघाला आहे म्हणून थोडं लिहितो, मी खालचा, नेरळचाच. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट डोंगर चढून गेला आणि साहेबांना माथेरान सापडलं, असं पाटीवर लिहितात. ठाकर-धनगरांना ते आधीपासून सापडलेलंच होतं, पण पाटी त्यांची नव्हती. रेल्वे मात्र साहेबाची नव्हे. आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याची जिद्द. १९०४ ला काम काढलं आणि १९०७ ला गाडी वर गेली. नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला, माथेरान आठशे मीटरवर, आणि मधलं अंतर रुळाने वीस-एकवीस किलोमीटर. बोगदा म्हणाल तर एकच, तोही इतका आखूड की त्याचं नाव वन किस टनेल पडलं. बाकी सगळा चढ नागमोडी वळणांनी काढलाय. जर्मन बनावटीची कोळशाची इंजिनं होती ती खास या वळणांसाठी, चाकं थोडी वळू शकायची.

पण ही गाडी म्हणजे घरातल्या जुन्या माणसासारखी, पावसाळा आला की आजारी. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, ती पुन्हा धावली २००७ ला. मे २०१६ ला दोनदा डबे घसरले, बंद. पूर्ण मार्ग २०१८ च्या सुरुवातीला उघडला. २०१९ च्या पावसात पुन्हा मार्ग गेला तो ऑक्टोबर २०२२ पर्यंत. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल होती तो आधार.

आणि दस्तुरीच्या पुढे मोटार नाही हे जे तुम्हा पाहुण्यांना फार आवडतं ना, ते वर राहणाऱ्याला विचारा. सिलिंडर घोड्यावर. विटा घोड्यावर. बाळंतीण हातरिक्षात. डिसेंबर २०२२ ला ई-रिक्षा चाचणीपुरत्या आल्या तेव्हा शाळेत जाणाऱ्या पोरांचे हाल कमी झाले. घोडेवाले नाराज, तेही चूक नाहीत, त्यांचं पोट आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं. माणसाने माणूस ओढायचा प्रकार जायलाच हवा होता, माझं मत.

पसरणीघाट | ४ मे, संध्याकाळी ६.४०

ई-रिक्षा आल्या की मोटारीही येतील, मग माथेरानात आणि लोणावळ्यात फरक काय राहणार?

नेरळ_लोकल | ४ मे, संध्याकाळी ६.५५

पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे ते, २००३ पासून. इतकं सोपं नाही. आणि साहेब, तुमच्या पाचगणीत मोटार जाते. तिथे तुम्ही कधी मोटारी बंद करा म्हणालात का? दुसऱ्याच्या गावाने जुनं राहावं असं सगळ्यांना वाटतं.

पसरणीघाट | ४ मे, संध्याकाळी ७.००

हे लागलं. मान्य.

कावेरीकाठ | ४ मे, रात्री ९.३०

लेख छान आहे, पण एक बोलते, राग मानू नका. आजी "फक्त हुकुमांत बोलायची" म्हणता. पहाटे साडेचारपासून चार खोल्यांचं जेवण, शिवाय घरची बारा-पंधरा पानं. ती बाई आणखी कशात बोलणार होती? आणि तुमच्या आईचं काय? ती माहेरपणाला आली होती ना? माझी आई अशीच एका देवस्थानाच्या गावची. मेमध्ये यात्रा. आम्ही जायचो, मजा करायचो, आणि आई सासरच्यापेक्षा जास्त काम माहेरी करून परत यायची. पंचवीस वर्षं हे मला दिसलंच नाही. मुलांच्या आठवणीत आई नेहमी पार्श्वभूमीला, पाट्यावर काहीतरी वाटत.

लालमाती | ४ मे, रात्री १०.१५

राग कसला. तुमचं वाचून मी लिहिलेलं परत वाचलं. आई दोनदा आली आहे, एकदा इंजिनासाठी, एकदा पलंगावर झोपायला. ती मेमध्ये काय करायची ते आठवायला मला थांबावं लागलं, हे खरंच लाजिरवाणं आहे. चपात्या. आई आणि मावशी आलटून पालटून चपात्या लाटायच्या. मामी भाजायची. आजी वाढायची. बाहेरच्या खोल्यांत बायका वेण्या घालून, गॉगल लावून घोड्यावरून फिरायला निघायच्या आणि आई दारातून बघायची. ती काय विचार करायची ते कधी विचारलं नाही.

सिव्हिलवाला | ४ मे, रात्री ११.०५

सगळं वाचलं, माझा प्रश्न मात्र तांत्रिक आहे. एक तारखेपासून तीन नंबर बंद, कारण ती गळते, असं म्हणालात. तुमच्याकडे पाऊस साधारण सात-आठ जूनच्या पुढे. मग कोरड्या ठणठणीत हवेत ती गळायची कशी? मंगलोरी कौलं गळतात ती सहसा पन्हळीपाशी किंवा माकडांनी कौल सरकवलं तर. ते दर मे महिन्यात शाकारताना दुरुस्त होतंच. चारांतली एकच खोली, दर वर्षी, पावसाच्या आधीपासून? माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं छप्पर पाहिलेलं नाही.

तीन_दरवाजा | ४ मे, रात्री ११.२०

सिव्हिलवाले साहेब, आजोळावर बी साइट व्हिजिट? 😂

लालमाती | ५ मे, सकाळी ६.३०

हसू नका, या प्रश्नाने माझी झोप गेली. पाऊस सुरू झाल्यावर माळ्यावर पातेली मांडलेली मला आठवतात, थेंबांचा टप टप आवाजही. ओसरीत एक घमेलं असायचं. तीन नंबरमध्ये भांडं मांडलेलं? नाही आठवत. सतरंजी ओली झालेली नाही आठवत. आम्ही भिंतीला लागून झोपायचो आणि सकाळी कोरडे उठायचो.

आईला विचारतो. ती सध्या बहिणीकडे आहे, दुपारी फोन लावेन.

गाविलगड | ५ मे, सकाळी ८.००

विचारा विचारा. आमी हितंच बसून आहो.

कावेरीकाठ | ५ मे, दुपारी ३.१०

फोन झाला का?

लालमाती | ५ मे, रात्री ८.४५

झाला. आधी आईला अख्खा धागा वाचून दाखवला. बीडवाल्यांच्या प्रतिसादाला खूप हसली. कोळशाच्या इंजिनाबद्दल तिचं म्हणणं, "कीव नाही करत, पण तुला ते मिळायला हवं होतं." ठिणगी उडून तिच्या परकराला भोक पडलं होतं, आणि ती ते वर्षभर मैत्रिणींना दाखवत होती.

मग तीन नंबरचं विचारलं. ती जरा वेळ बोललीच नाही. म्हणाली, "ती खोली कधी गळली रे? घरातली सगळ्यात कोरडी खोली ती." मग म्हणाली, तुझ्या मामेभावाकडे आजोबांच्या वह्या असतील, चौऱ्याऐंशीची काढायला सांग.

आजोबांची नोंदवही मला आठवत होती. जाडजूड, लाल कापडी बांधणीची. पार्टीचं नाव, कुठून आली, खोली, किती दिवस, किती जमा. मामेभाऊ आता तिथेच लॉज चालवतो, सीझनमध्ये त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी त्याने संध्याकाळी फोटो पाठवला. जून १९८४. सगळी नोंद आजोबांच्या किरट्या अक्षरात. फक्त खोली नंबर तीनच्या ओळी वेगळ्या हाताच्या, मोठं मोठं, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर. एक जून ते सहा जून. पार्टीच्या नावाच्या रकान्यात आईचं आणि मावशीचं नाव. माहेरची नावं. 'कोठून' या रकान्यात एकीचं डोंबिवली, एकीचं कल्याण. आणि शेवटच्या रकान्यात रोजचं भाडं, जमा.

आई म्हणाली, आजोबांचा हिशोब कडक. खोली रिकामी ठेवायची हे त्यांना झेपलंच नसतं. आजी सीझनभर पार्ट्यांना करवंदाचं लोणचं आणि मोरावळा विकायची, ते पैसे तिचे, डब्यात. त्यातून ती एक तारखेला तीन नंबरचं भाडं मोजून आजोबांच्या गल्ल्यात टाकायची आणि खोलीला कुलूप लावायची. लेकींना सहा रात्री. बाहेर विचारणाऱ्याला "ती गळते" सांगायचं, हे मात्र आजोबांनी ठरवलेलं, म्हणजे कुठली पार्टी नाराज होऊन शेजारच्या लॉजमध्ये जायला नको.

"आणि तुम्ही पोरं त्या खोलीला नावं ठेवायचात," असंही म्हणाली.

कावेरीकाठ | ५ मे, रात्री ९.०५

...

आंबोलीचो | ५ मे, रात्री ९.१२

आजयेक नमस्कार.

पसरणीघाट | ५ मे, रात्री ९.३०

मामेभावाला सांगा, ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव. माथेरानच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी लागायला वेळ लागत नाही. आतमध्ये चार कडुनिंबाची पानं टाकली तरी चालतील.

सिव्हिलवाला | ५ मे, रात्री ९.४०

छपराबद्दलची माझी शंका मिटली. आता हिशोबाची एक. स्वतःच्या बायकोला आजोबांनी भाड्यात काही सूट तरी दिली होती का?

लालमाती | ५ मे, रात्री १०.२०

फोटो मोठा करून पाहिला. पूर्ण दर. त्याच आठवड्यात एक आणि दोन नंबरच्या पार्ट्यांना रोजचे पाच रुपये कमी लावलेत.